शंभर वेळा 'बिकॉज'

परवा भाजीबाजारात एक बाई समोर येऊन उभी राहिली. "बाई, ओळखलंत का?" ३३ वर्षं शाळेत काढली की हा प्रश्न वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो, आणि दर वेळी माझी तीच गत होते. चेहरा कुठेतरी पाहिलेला, नाव मात्र ठार गायब. शेवटी तिनंच माझी सुटका केली. १९८८ साली ती आठवीत माझ्या वर्गात होती. "तुम्ही मला 'बिकॉज' शंभर वेळा लिहायला लावलं होतं," ती हसत म्हणाली. मी जरा ओशाळले. पण अंगातली मास्तरीण कुठे जाते? विचारलंच, "मग आता येतं ना बरोबर?"

"कुठलं हो बाई! ए आधी की यू आधी, अजून घोळ होतोच."

आणि मग तिनं जे सांगितलं ते ऐकून मी भाजीवाल्याला पैसे द्यायचेसुद्धा विसरले. तिनं तो शब्द शंभर वेळा लिहिलाच नव्हता. आधी पानावर वरून खाली नुसते बी काढले. ती रांग संपली की शेजारी ईची रांग. मग सीची. अशा सात रांगा. "भराभर होतं ना असं. सगळा वर्ग तसंच करायचा, बाई."

म्हणजे पोरीनं शंभर 'बिकॉज' काढून तो शब्द एकदाही लिहिला नव्हता! आणि मी खाली लाल पेनानं सही करून 'ठीक' असा शेरा मारलेला. घरी आल्यावर मला आधी खूप हसू आलं. मग हसू ओसरलं आणि मोजदाद सुरू झाली. ३३ वर्षं, दर वर्षी किमान दोन-तीन वर्ग, किती वह्या, किती रांगा...

असो. आज लिहायला बसले आहे ते त्या रांगांमुळे, आणि त्याहून जास्त माझ्या विहीणबाईंमुळे. त्यांची गोष्ट पुढे येईलच. माझं म्हणणं आधी सांगून टाकते, म्हणजे ज्यांना वाद घालायचा आहे त्यांना तयारीला वेळ मिळेल. भाषा शिकताना तेच तेच पुन्हा करावं लागतं, त्याला पर्याय नाही. पण एका बैठकीत शंभर वेळा केलेलं बहुतेक वाया जातं. तेच मध्ये दिवस टाकून दहा वेळा केलं तर राहतं. आणि त्या दहाही वेळा शब्द त्याच कपड्यांत समोर आला, तर तो राहूनही कामाला येत नाही. यातली शेवटची गोष्ट मला फार उशिरा कळली आणि फार महागात पडली.

मी काही मानसशास्त्राची जाणकार नव्हे. मराठी माध्यमातून बी.ए., सिन्नरला इंग्रजी आणि मराठी शिकवलं, २००९ साली निवृत्त झाले. पण गेली पाच वर्षं मी स्वतःच विद्यार्थिनी आहे. कन्नड शिकते आहे.

आमची सून दावणगेरेची. २०१० साली लग्न ठरलं तेव्हा कळलं की व्याह्यांना हिंदी, इंग्रजी उत्तम येतं, पण विहीणबाईंना कन्नडशिवाय दुसरं काही नाही. मी तेव्हा नुकती निवृत्त झालेली, हाताशी वेळ आणि अंगात खुमखुमी. महिन्याभरात कन्नड शिकवणारं एक पुस्तक आणलं, दोनशे पानी वही घातली, आणि ज्या पद्धतीनं मुलांना शिकवलं त्याच पद्धतीनं स्वतःला शिकवायला बसले. रोज सकाळी तीस शब्द. प्रत्येक दहा वेळा लिहायचा, मग डोळे मिटून घोकायचा. दहा दिवसांत तीनशे शब्द झाले. प्राण्यांची नावं, फळांची नावं, रंग, शरीराचे अवयव, एक ते शंभर आकडे. मोर म्हणजे नविलु, हत्ती म्हणजे आने. मी स्वतःवर इतकी खूश होते की सांगता सोय नाही.

लग्नात विहीणबाईंसमोर उभी राहिले आणि तोंडातून काय निघालं, तर "निम्म हेसरु एनु?" म्हणजे तुमचं नाव काय. ज्यांचं नाव पत्रिकेवर छापलंय, ज्यांच्या मुलीला मी सून म्हणून घेऊन चाललेय, त्यांना! पुस्तकातलं ते पहिलं वाक्य होतं. त्या हसल्या, मला हळदकुंकू लावलं आणि काहीतरी चार वाक्यं बोलल्या. त्यात मोर नव्हता, हत्ती नव्हता. मला एक अक्षर कळलं नाही.

वही कपाटात गेली ती नऊ वर्षं तिथेच राहिली.

२०१९ साली व्याही गेले. मी चौथ्या दिवशी दावणगेऱ्याला पोचले. मुलगा बाहेर पाहुण्यांत, सून आत स्वयंपाकघरात. विहीणबाई एका सतरंजीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. त्यांनी माझा हात धरला आणि बोलायला लागल्या. हळूहळू, थांबत थांबत. मी कान देऊन ऐकत होते. त्या सगळ्या प्रवाहात मला एकच शब्द ओळखीचा वाटला. मने. मने म्हणजे घर, माझ्या वहीतल्या पहिल्या पानावरचा शब्द. त्या परत परत 'नम्म मने...' असं काहीतरी म्हणत होत्या. मला वाटलं, आता एवढ्या मोठ्या घराचं काय, अशी काळजी करत असतील. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी सगळी शक्ती एकवटून म्हटलं, "मने चेन्नागिदे." घर छान आहे.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काही बोलल्या नाहीत. हात मात्र सोडला नाही.

त्या म्हणत होत्या 'नम्म मनेयवरु'. शब्दशः 'आमच्या घरचे'. कर्नाटकात बायका नवऱ्याचं नाव न घेता असं म्हणतात, आपल्याकडे जुन्या बायका 'आमच्या घरातले' म्हणायच्या तसंच. मला हे पुढे जवळजवळ दीड वर्षानं कळलं. त्या बाईनं चार दिवसांपूर्वी गेलेल्या नवऱ्याबद्दल बोलावं आणि मी घर छान आहे म्हणून सांगावं. ज्या दिवशी कळलं त्या रात्री मला झोप आली नाही.

तुम्ही म्हणाल, शब्द येत नव्हता म्हणून असं झालं. तसं नाही हो! शब्द येत होता, तेच तर दुखणं. मने म्हणजे घर हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण मला तो एकाच जागी उभा असलेला येत होता. मनेगे म्हणजे घरी, मनेयिंद म्हणजे घरून, मनेलि म्हणजे घरात, आणि मनेयवरु म्हणजे घरातलं माणूस. शब्दाला पाय असतात, तो चालतो. माझ्या वहीत तो दहा वेळा लिहिलेला होता, दहाही वेळा एकसारखा.

२०२० सालच्या टाळेबंदीत कपाटं आवरताना ती वही सापडली. नातू तेव्हा आठ वर्षांचा होता. त्याची बंगळूरची आजी म्हणजे 'अज्जी' आणि नाशिकची म्हणजे 'आजी', दोन्ही शब्दांत फरक तो एका ज चा. (आपले ताई, अक्का, अण्णा, तूप हेही तिकडच्याशी असेच नात्यातले.) त्यानं आईच्या मदतीनं माझ्या मोबाईलवर अंकी नावाचं एक ॲप घालून दिलं. २००६ साली निघालेलं, फुकट मिळणारं, आणि नाव जपानी. जपानीत त्या शब्दाचा अर्थच पाठांतर. शब्दाचं कार्ड समोर येतं, आपण अर्थ आठवायचा, बरोबर आला तर ते कार्ड काही दिवसांनी येतं, पुन्हा बरोबर आला तर आणखी लांबच्या दिवशी, चुकलं की लगेच.

मला कुतूहल वाटलं की असं लांबवायचं का? शाळेत तर आम्ही उलटं सांगायचो, रोज वाचा, रोज लिहा. मग थोडं वाचलं. त्यातलं जे मनात राहिलं ते सांगते.

हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन गृहस्थानं १८८५ साली स्मरणशक्तीवर पुस्तक लिहिलं. त्यानं प्रयोग केले ते स्वतःवरच. निरर्थक अक्षरांच्या माळा करायच्या, पाठ करायच्या, किती विसरलो ते मोजायचं. त्याला आढळलं की अशी एखादी माळ एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जेवढा फायदा होतो, साधारण तेवढाच तीन दिवसांत वाटून ३८ वेळा म्हटल्यानं होतो. माझ्या शंभर 'बिकॉज'च्या जवळजवळ शंभर वर्षं आधी हे छापून आलं होतं, आणि बी.एड.ला त्याचं नाव आम्ही परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्याचा विसरण्याचा आलेख काढून दाखवा, पाच गुण. काढला, गुण मिळवले, आलेखानुसार विसरलो!

दुसरी गोष्ट मला जास्त आवडली, कारण ती एका कुटुंबाची आहे. अमेरिकेतल्या हॅरी बारिक या प्राध्यापकानं, त्याच्या बायकोनं आणि दोन मुलींनी, असं चौघांनी मिळून परक्या भाषेतले प्रत्येकी ३०० शब्द शिकायला घेतले. काही शब्दांची उजळणी १४ दिवसांनी, काहींची २८, काहींची ५६ दिवसांनी. कितीदा करायची तेही ठरलेलं, १३ वेळा किंवा २६ वेळा. मग पाच वर्षांपर्यंत थांबून थांबून परीक्षा. हे सगळं मिळून नऊ वर्षांचं काम, १९९३ साली प्रसिद्ध झालं. निष्कर्ष असा की ५६ दिवसांच्या अंतरानं १३ वेळा केलेली उजळणी ही १४ दिवसांच्या अंतरानं २६ वेळा केलेल्या उजळणीच्या तोडीची ठरली. निम्म्या कष्टात तेवढंच फळ. मात्र शिकण्याच्या काळात लांब अंतरवाल्या शब्दांचे हाल जास्त होतात, ते जास्त वेळा चुकतात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण वर्गात उभं राहून बघणाऱ्या शिक्षकाला काय दिसतं? काल घोकलेलं आज धडाधड म्हणणारं पोर हुशार दिसतं, आणि दोन महिन्यांपूर्वीचं आठवताना अडखळणारं पोर मठ्ठ. खरं शिकणं त्या अडखळण्यात चाललेलं असतं, आणि आम्ही छडी तिथेच उगारायचो.

म्हणजे थोडं विसरलेलं बरं असतं. विसरलेलं ओढून काढताना जी झटापट होते, तिनंच शब्द मुरतो. आपल्या भाषेत याला किती छान शब्द आहे... उजळणी. पितळेचं भांडं काळं पडल्यावर चिंच लावून घासतात, रोज चकचकीत असताना नाही.

तर ॲपनं अंतराचं काम केलं. सहा महिन्यांत मला चारशे कार्डं यायला लागली. मग बंगळूरला गेले, आणि भाजीवालीनं 'नलवत्तु' म्हटल्यावर मी पुतळ्यासारखी उभी. चाळीस! कार्डावर असतं तर क्षणात सांगितलं असतं. पण तिच्या तोंडून, गर्दीत, त्या घाईत आलं आणि मी मनातल्या मनात हत्तु, इप्पत्तु, मूवत्तु अशी दहा-वीस-तीसपासून शिडी चढायला लागले. चाळिसावर पोचेपर्यंत तिनं हिंदीत सांगून टाकलं होतं. मग माझ्या लक्षात आलं की मोबाईलवरसुद्धा मी शब्द ओळखतच नव्हते, कार्ड ओळखत होते. ते हिरव्या चित्राचं, ते लांबलचक अक्षरांचं. दिवस बदलत होते, पण कार्ड तेच. माझी २०१० सालची वहीच, फक्त हुशार वेळापत्रक लावलेली.

१९७८ साली केर आणि बूथ या दोघांनी आठ वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला होता. काही मुलांनी तीन फुटांवरच्या खुणेवर छोट्या पिशव्या फेकण्याचा सराव केला. दुसऱ्या गटानं दोन फुटांवर आणि चार फुटांवर केला, तीन फुटांवर अजिबात नाही. परीक्षा घेतली ती तीन फुटांवर, आणि दुसरा गट सरस ठरला. म्हणजे जिथे परीक्षा तिथे कधी फेकलेलंच नाही, तरी! हाताचा नेम आणि भाषा एकच, असं मी म्हणणार नाही. पण हे वाचल्यावर मला माझी मने आणि त्यांचे मनेयवरु आठवले. मी तीन फुटांवर दहा हजार वेळा फेकलं होतं, आणि त्या दिवशी खूण चार फुटांवर होती.

आमचा दादा (थोरला भाऊ, वय ८१) याला हे सगळं फोनवर सांगितलं तर उखडला. "आपण परवचा म्हणून शिकलो, पाढे घोकून शिकलो, रामरक्षा पाठ केली, काही बिघडलं का?" दादा, तुझं अर्धं बरोबर आहे. परवचा रोज दिवेलागणीला हातपाय धुऊन म्हणायची, वर्षानुवर्षं. कोणी एका दुपारी बसून शंभर वेळा रामरक्षा म्हटली नाही. अंतर होतंच त्यात, म्हणून ती आजही येते. पण तुला सतरा सक विचारलं की तुझी गाडी सतरा एकेपासून सुटते की नाही? रामरक्षेतली मधलीच ओळ विचारली तर आधीची म्हटल्याशिवाय सापडते का? तिथे तशी गरजच नसते, म्हणून चालून जातं. बोलताना समोरचा माणूस मधूनच विचारतो, आणि थांबत नाही. तुझे ते घनपाठी वैदिक बघ, तेसुद्धा सरळ घोकत नाहीत. पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा, असं उलटसुलट विणतात. अर्थात त्यांना एक अक्षरही न बदलता जपायचं होतं. मला विहिणीशी बोलायचं होतं.

मग मी काय केलं? ॲप बंद नाही केलं, पण चपलांचा एक रिकामा खोका घेतला आणि त्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे केले. ही युक्ती सेबास्टियन लाइटनर नावाच्या लेखकानं १९७२ च्या त्याच्या जर्मन पुस्तकात सांगितलेली. बरोबर आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेलं परत पहिल्यात, आणि मागचे कप्पे उशिराउशिरानं बघायचे. कार्डं केली ती जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंची, घरात ढीग आहे. त्याला माझा एक नियम जोडला. कार्ड हातात आलं की नुसता अर्थ सांगून सुटका नाही, त्या शब्दाचं एक नवं वाक्य मागे लिहायचं. आधी लिहिलेलं चालणार नाही. शब्दाचं रूप बदललेलं हवं, किंवा प्रसंग. एकदा स्वयंपाकघरातलं, एकदा बसस्टॉपवरचं, एकदा भांडणातलं. आणि रविवारी विहीणबाईंशी दहा मिनिटं फोन, त्यात त्या आठवड्याच्या कार्डांतले निदान तीन शब्द खपवायचे. मागची बाजू भरली की कार्ड निवृत्त.

अक्षरओळख मात्र या पद्धतीनं नाही केली, ते सांगायला हवं. कन्नड लिपी मी जुन्या पद्धतीनंच गिरवली, रोज पाटीवर. हाताला वळण लागायला तेच हवं.

चुका? विचारू नका. कन्नडमध्ये हालु म्हणजे दूध आणि हल्लु म्हणजे दात. मी गेल्या खेपेला त्यांना म्हटलं, चहात हल्लु कमी घाला. विहीणबाईंनी आधी कपाकडे पाहिलं, मग स्वतःच्या कवळीला हात लावला, आणि आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. एळु म्हणजे सात आणि एळु म्हणजेच ऊठ, हे नातवाला सकाळी उठवताना पक्कं झालं. "आजी, सात वाजले म्हणतेस की ऊठ म्हणतेस?" दोन्ही, बाबा, दोन्ही!

एका शब्दाचा प्रवास सांगते. साकु, म्हणजे पुरे. हा पहिल्यांदा पानावर भेटला, त्या आणखी भात वाढत होत्या तेव्हा. पंधरा दिवसांनी फोनवर त्या कोणावर तरी ओरडल्या, "साकु माडि!" म्हणजे बस करा आता, टीव्हीचा आवाज मोठा होता. मग महिनाभर काही नाही. कार्ड तिसऱ्या कप्प्यातून वर आलं तेव्हा मी पावसाचं वाक्य लिहिलं. एकदा सुनेनं ऑफिसातून आल्यावर पर्स टाकून म्हटलं, "साकागिदे," आणि मी विचारलं, हा तोच का? तोच. पुरे झालं, थकले, कंटाळले. पानावरचा भात आणि जिवाचा कंटाळा एकाच शब्दात. हे मी कुठल्या वहीत दहा वेळा लिहून शिकणार होते?

आता शाळेबद्दल दोन शब्द, कारण आपल्यापैकी काही जण अजून शिकवतात, आणि बाकीचे नातवंडांचा अभ्यास घेतात. आमच्याकडे धडा 'होतो'. जुलैत झालेला धडा ऑगस्टच्या चाचणीनंतर थेट मार्चमध्ये भेटतो, तेव्हा तो परका झालेला असतो. निवृत्तीच्या आधीची चार-पाच वर्षं मी शनिवारच्या सकाळच्या शाळेत शुद्धलेखनात मागच्या महिन्यांचे शब्द मिसळायला लागले होते. त्यामागे शास्त्र वगैरे काही नव्हतं, नवीन उतारा शोधायचा कंटाळा. मुलं ओरडायची, "बाई, हा धडा झालाय!" एकदा वर्गावर आलेल्या साहेबांनीही विचारलं, पोर्शन पुरा व्हायचा असताना मागचं काय काढत बसलात? मी घाबरून बंद केलं. आज वाईट वाटतं ते याचं. शंभर 'बिकॉज' अज्ञानानं लिहून घेतले, पण शनिवारचं शुद्धलेखन कळत असून सोडलं. त्या मुलांच्या चुका शनिवारी सगळ्यात जास्त व्हायच्या आणि वार्षिक परीक्षेत त्याच शब्दांत सगळ्यात कमी, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं.

नातवंडांकडून इंग्रजी किंवा मराठी करून घेत असाल तर एवढंच करून बघा. दहा नव्या शब्दांऐवजी पाच नवे द्या, तीन मागच्या आठवड्यातले, दोन दोन महिन्यांपूर्वीचे. आणि 'अर्थ सांग' म्हणू नका. वाक्य करायला लावा, उद्या त्याच शब्दाची चिठ्ठी लिहायला लावा, परवा आजोबांना फोनवर तो शब्द ऐकवायला लावा. रडगाणं होईल, चुका होतील. होऊ देत. परदेशात असलेल्या आपल्या भाच्या-पुतण्यांना मराठी टिकवायची असेल तर त्यांनाही हेच. रविवारच्या मराठी वर्गात बाराखडी गिरवून ती टिकत नाही. आत्याला फोन करून भांडता आलं पाहिजे.

माझं कन्नड अजून मोडकंच आहे. क्रियापदांची शेपटं चुकतात, आणि ७४ व्या वर्षी दोन शब्द शिकले की एक निसटतो. खोक्यात आज सहाशेच्या वर कार्डं आहेत, दीडशे निवृत्त झाली.

मागच्या रविवारी फोन केला. नेहमीप्रमाणे "ऊट आय्ता?" जेवण झालं का, मग पाऊस, मग नातवाची परीक्षा. मग त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "साकागिदे, अक्का." मी त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठी म्हणून मला अक्का म्हणतात. आवाज भाताचा नव्हता, टीव्हीचाही नव्हता. मी विचारलं, "याके?" का हो?

त्या म्हणाल्या, "याकंद्रे..." कन्नडमध्ये 'कारण' म्हणायला असंच म्हणतात, शब्दशः 'का म्हटलं तर'. 'बिकॉज', दुसरं काय! "याकंद्रे, नम्म मनेयवरु..." आणि पुढे वीस मिनिटं त्या व्याह्यांबद्दल बोलत राहिल्या. सकाळी कॉफी कशी करून द्यायचे, शेवटच्या वर्षी दवाखान्यात काय काय झालं, कोणत्या गोष्टीवरून दोघांचं तीन दिवस भांडण चाललं होतं. निम्मं कळलं, निम्मं नाही. मध्ये मध्ये मी हौदु, हौदु म्हणत होते. शेवटी त्यांनी विचारलं, तुमच्या घरच्यांना कॉफी चालते की चहाच? मी सांगितलं, चहा. आणि त्यात दूध कमी. या वेळी दूधच म्हटलं.